पराभव नावाचं वर्ष

पाडव्याच्या आदल्या रात्री आईनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. १९ मार्चच्या चौकटीवर बोट ठेवून वाचलं, पदरानं चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. शके १९४८, पराभव नाम संवत्सर. "यंदाच हे नाव भेटलं का बाप्पा," म्हणाली आणि कॅलेंडर खिळ्याला पाठमोरं टांगून टाकलं.

तिची भीती उगाच नव्हती. बाबांच्या मानेत डाव्या बाजूला बोराएवढी गाठ आली होती. तुकडा काढून तपासायला दिला होता आणि रिपोर्ट सोमवारी मिळणार होता. पुण्याला धाकटा भाऊ. त्याच्या कंपनीत माणसं कमी करणं सुरू होतं. रोज रात्री साडेनऊला त्याचा फोन यायचा. एखाद्या दिवशी तो आठलाच वाजला, की उचलण्याआधी आम्ही एकमेकांकडे पाहायचो.

खरं तर संवत्सरांची नावं कोणाच्या घरात डोकावून ठरत नाहीत. ती साठ आहेत. प्रभवपासून सुरू होतात, क्षयपाशी संपतात आणि पुन्हा पहिल्यापासून फिरतात. पराभव चाळिसावं. याआधी ते १९६६ साली आलं होतं, आणि बाबांचा जन्म नेमका त्याच सालातला. म्हणजे माणसाची साठ वर्षं भरतात तेव्हा त्याच्या जन्माचं वर्ष नाव न बदलता त्याला भेटायला येतं. हे मी आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "भेटायले येते का न्यायले?"

यावर मी काय बोलणार?

बोरगाव मेघे हे गाव म्हणावं की वर्ध्याचं एक टोक, हे आता इथं राहणाऱ्यालाही नीट सांगता यायचं नाही. सिंदी, सावंगी, पिपरी, बोरगाव ही सगळी मागं 'मेघे' लावणारी गावं शहराला येऊन भिडली. शेतांचे लेआउट झाले. वरच्या मजल्यावरच्या खोल्या किरायानं गेल्या, कुठं कॉलेजची पोरं, कुठं दूरच्या गावाहून आलेले पेशंटचे नातेवाईक. पाडव्याच्या पहाटे मात्र गाव आतून वर येतं. सडा पडतो. शेणाचा वास येतो. कडुलिंबाला तांबूस पालवी फुटलेली असते आणि पांढरा बारीक मोहोर कुंपणाच्या भिंतीवर सांडलेला असतो. गच्च्यांवर एकेक करून गुढ्या उभ्या राहतात, आणि त्यांच्या बाजूलाच वर्षभर ताडपत्रीखाली झाकून ठेवलेले कूलर. वर्ध्याच्या उन्हाळ्याला पाडव्याचा मुहूर्त लागत नाही. तो होळीलाच येऊन बसलेला असतो.

गुढी बाबांनीच उभारली. बांबू धुतला, आईचं हिरवं काठाचं लुगडं चुण्या पाडून बांधलं, लिंबाचा डहाळा खोचला, वर तांब्याचा गडू पालथा घातला. शेवटी साखरेची गाठी घ्यायला हात पुढं केला. ती माझ्या हातात होती. 'गाठी' हा शब्द त्या सकाळी आमच्यापैकी कोणीच उच्चारला नाही. मी नुसतीच ती पुढं केली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, हसले आणि म्हणाले, "ही गोड असते."

आजोबा सालदार होते. आमच्या भागात सालदाराचं साल पाडव्याला संपतं आणि पाडव्यालाच लागतं. त्या दिवशी मालक ठेवतो की जा म्हणतो, धान्य किती, रोख किती, हे ठरायचं. म्हणजे ज्या दिवशी लोक गुढी उभारायचे, त्याच दिवशी आमच्या घरी पुढचं वर्ष कोणाच्या बांधावर निघणार याचा पत्ता नसायचा. आजोबा देवाला हात जोडून घराबाहेर पडायचे. त्यांचं एक वाक्य बाबा अजून त्यांच्याच आवाजात म्हणतात, "मालक बदलते, धनी तोच रायते."

मला हे वाक्य लहानपणापासून पाठ. पण मला कायम वाटायचं, हा गरिबाचा नाइलाज आहे. दुसरं काही हातात नाही म्हणून देवावर हवाला.

दुपारी बाबा म्हणाले, पवनारला जाऊन येऊ. ऊन मी म्हणत होतं, तरी निघालो. नागपूरच्या रस्त्यानं धाम नदीच्या पुलावर आलो तेव्हा त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. खाली पाणी उतरलेलं, काळे खडक उघडे पडलेले. "इथंच विनोबा म्हणाले होते," बाबा म्हणाले, "संन्यस्तं मया."

गोष्ट १९३८ सालची. विनोबांची तब्येत पार ढासळली होती, वजन ८८ पौंडांवर आलं होतं. गांधीजींनी हवापालट करायला सांगितला. विनोबांनी थंड हवेचं कुठलं ठिकाण न निवडता वर्ध्यापासून दोन-अडीच कोसांवरचं पवनार निवडलं. तिथं जाताना, धामचा पूल ओलांडताना, त्यांनी तीनदा म्हटलं की मी सारं टाकलं. आश्रमाची काळजी, कामाची काळजी, सगळं नदीअलीकडे.

"अन् मंग काय केलं माहीत आहे?" बाबांनी विचारलं. "कुदळ घेतली. पहिल्या दिवशी पाच मिनिटं खणलं. दुसऱ्या दिवशी थोडं जास्ती. सोडलं म्हणून बसून नाही रायले."

त्याच खणण्यात एक शिळा लागली. वर काढून पाहिली तर तिच्यावर भरत-रामाची भेट कोरलेली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी लिहून घ्यायचे. बाराव्या अध्यायावर बोलताना त्यांनी या भेटीचं चित्र कोणीतरी काढावं असं म्हटलं होतं. ते सहा वर्षांनी मातीतून वर आलं. पवनारच्या आश्रमात ती मूर्ती आजही आहे.

मी तिच्यापुढं बराच वेळ उभा राहिलो. राम अयोध्येला परतला म्हणून लोकांनी गुढ्या उभारल्या, असं आपण पोरांना सांगतो. पण पाडवा असतो परतण्याचा. भरताच्या वाट्याला त्याआधी चौदा पाडवे आले, ज्यांत कोणी आलं नाही. लक्ष्मण सोबत होता, त्याला रोज राम दिसत होता. भरताकडे दोन पादुका होत्या. भाऊ जिवंत आहे का, येईल का, हे सांगायला रोज रात्री साडेनऊला कोणाचा फोन येत नव्हता. तरी तो नंदिग्रामी बसून राज्य चालवत राहिला, कारण राज्य त्याचं नव्हतं आणि काम मात्र त्याचं होतं.

आजोबांच्या वाक्यात मला दिसला तो नाइलाज. पण ते पाडव्याला हात जोडून घरी बसत नव्हते. कोणाच्या का असेना, बांधाकडे निघत होते.

परतताना पुलावर बाबा काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही की देवाजवळ काय मागितलं. रात्री फोन साडेनऊलाच आला. नोकरीचं अजून काही कळलं नव्हतं. आईनं त्याला पुरणपोळ्या किती झाल्या ते सांगितलं.

सकाळी उठलो तर कॅलेंडर सुलटं टांगलेलं होतं. बाबांनी आयुष्यभर जिनिंगमध्ये मुनिमी केली, कापसाच्या काट्यावरचे आकडे लिहिले. त्याच बारीक, सरळ अक्षरात सोमवारच्या चौकटीत दोन ओळी होत्या.

रिपोर्ट, ११ वाजता.

येताना कूलरच्या ताट्या आणणे.