सुतावरून

मराठीच्या प्राध्यापकाला जगातले काहीही वाचता येते, असा आमच्या भंडाऱ्यात एक समज आहे. तो कुणी पसरवला ते मला ठाऊक नाही. तो खोडून काढण्याचा मी फारसा प्रयत्न केलेला नाही, हेही कबूल केले पाहिजे. विम्याचे कागद, औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी, तहसील कचेरीतून आलेली नोटीस असे काय काय माझ्या टेबलावर येऊन पडते. मी चष्मा पुसतो आणि वाचतो. परंतु गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मला जे वाचायला बोलावले गेले, ते कागदावरचे नव्हतेच. ती होती मोटारीच्या ब्रेकची जुनी, गंजलेली डिस्क, दहा किलोंहून जड, आणि तिच्या कडेला गंजाखालून डोकावणारा एक आकडा: ३२.

माझ्या एका मित्राची वैनगंगेपलीकडे, कारध्याच्या बाजूला भाताची गिरणी आहे. त्याने तीन वर्षांपूर्वी एक जुनी ऑडी क्यू-७ घेतली, २०११ सालची. भात भरडणाऱ्याला हा ऐरावत कशाला, असे आम्ही सगळ्यांनी म्हणून घेतले. पण त्याच्या आईला, म्हणजे आमच्या काकूंना, आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी नागपूरला न्यावे लागते. साठ-पासष्ट किलोमीटर जायचे आणि तितकेच यायचे. परतताना काकूंच्या अंगात त्राण नसते. त्या मागच्या सीटवर पाय पसरून निजतात आणि मौदा आले की विचारतात, "आलं का रे भंडारा?" ऐरावताचे कारण एवढेच होते.

तर या गाडीचा ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरू लागले. मिस्त्रीने चाक काढून पाहिले आणि पुढच्या दोन्ही डिस्क झिजल्याचे सांगितले. मित्राने नागपूरच्या एका दुकानाला फोन केला, गाडीचे नाव आणि साल सांगितले. दुकानदार म्हणाला, "जुन्या डिस्कवर काय छापलंय?" याने वाकून पाहिले आणि सांगितले, "बत्तीस." दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी खोकी आली. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावणे.

मी पोहोचलो तेव्हा नवी डिस्क चढवलेली होती. पाचही भोके बरोबर जुळली होती. ती हाताने फिरवली तर छान फिरत होती. मित्र घड्याळाकडे पाहत होता, कारण दुपारी काकूंना न्यायचे होते. मिस्त्री मात्र हात पुसत उभा होता.

"बसून तं गेली जी, सर," तो म्हणाला, "पन पॅड तीन सूत बाहेर निंगून राहिला."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार-मिस्त्रींचे हे जुने माप पुस्तकी मिलिमीटरला अजून हार गेलेले नाही. मी वाकून पाहिले. कॅलिपरमधला ब्रेक पॅड डिस्कच्या कडेवरून जवळजवळ एक सेंटिमीटर वर डोकावत होता, ताटापेक्षा भाकरी मोठी व्हावी तसा.

"अरे, बसली ना? मग लाव की!" मित्र म्हणाला.

मिस्त्री माझ्याकडे पाहू लागला. हा माणूस ट्रॅक्टर आणि ट्रक दुरुस्त करण्यात हयात घालवलेला. त्याला खात्री होती, पण गिऱ्हाइकापुढे बोलायला एक साक्षीदार हवा होता. तो साक्षीदार मी. त्याने मला समजावले ते असे: पॅडचा जो भाग डिस्कवर टेकतो तो झिजत जाणार, जो बाहेर आहे तो तसाच राहणार. मग त्याची कडेला एक पायरी तयार होणार. डिस्क आणखी झिजली की ती पायरी आधी कडेवर अडकणार, आणि ब्रेक दाबला तरी पुरता लागायचा नाही. शिवाय लहान डिस्क लवकर तापते, ते वेगळेच. रिकाम्या रस्त्यावर यातले काही जाणवणार नाही. जाणवेल ते एकदम, समोर ट्रक आल्यावर.

मित्राने घड्याळाकडे पाहणे थांबवले. त्याने कुणालातरी फोन करून दुपारपुरती भाड्याची गाडी सांगितली.

आता प्रश्न उरला, मग खरे माप कोणते? जुनी डिस्क आडवी टाकून मी पट्टी लावली. मधल्या टोपीसारख्या उंचवट्यामुळे आणि कडेच्या गंजामुळे कधी तीनशे सत्तेचाळीस भरे, कधी तीनशे त्रेपन्न. तेव्हा मला शाळेतला परीघ आठवला. (मराठीचा माणूस म्हणजे गणितात कच्चा, हा दुसरा एक समज. तोही मी खोडलेला नाही.) गिरणीत पोती शिवायचे सूत पडलेले होते. मिस्त्रीने तारेच्या ब्रशने कड घासली, आम्ही ते सूत डिस्कभोवती घट्ट गुंडाळून मापले. बरोबर ११० सेंटिमीटर. बावीस सप्तमांशाने भागले तर व्यास नेमका ३५. नव्या डिस्कभोवती तेच सूत गुंडाळले तर भरले १०३ सेंटिमीटर आणि वर सात मिलिमीटर, म्हणजे व्यास ३३. आडव्या मापात दोन सेंटिमीटरचा फरक, तोच परिघात सहा सेंटिमीटरांहून मोठा होऊन समोर आला. सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणतात. आम्ही तीन सुतांचा घोटाळा सुतानेच सोडवला.

पण मग त्या बत्तिसाचे काय? गंज निघाल्यावर आकड्याच्या आधीची अक्षरेही दिसू लागली: 'मिन.' गडेगावच्या अशोक लेलँडच्या कारखान्यातून निवृत्त झालेले आमचे एक शेजारी आहेत. त्यांना मी फोन लावला. त्यांनी हसत सांगितले, "अहो, ती डिस्कची जाडी नव्हे, ती तिची किमान मर्यादा. इतकी झिजली की काढून टाकायची." ३५० मिलिमीटरची डिस्क नवी असते तेव्हा ३४ जाड असते आणि ३२ वर बाद होते. ३३० ची डिस्क जन्मतःच ३२ जाडीची. एकीच्या मरणाचा आकडा दुसरीच्या जन्माचा आकडा म्हणून वाचला गेला होता! दुकानदाराला तरी काय दोष द्यावा? त्याला कळले तेवढ्यात त्याने बरोबरच माल दिला.

मला राहून राहून आमच्या पोथ्या आठवत होत्या. लीळाचरित्रातले नीळभट्ट भांडारेकार आमच्याच गावचे. त्या ग्रंथाच्या किती प्रती, किती पाठभेद! डॉ. वि. भि. कोलत्यांनी त्या ताडून १९७८ साली आपली प्रत सिद्ध केली. एखादे अक्षर वाक्यात 'बसते' म्हणून ते मूळचे, असे मानायची सोय त्या शास्त्रात नाही. मी वर्गात हे दरवर्षी सांगतो. मुले दरवर्षी जांभया देतात.

या गाडीचीही मूळ प्रत सापडली. शेजाऱ्यांनीच सुचवल्यावरून आम्ही डिकीतली चटई उचलली. खाली सुट्या चाकाच्या खोलगट जागेत, तांदळाच्या कण्या आणि कोंडा यांच्याखाली, एक कागदी पट्टी चिकटवलेली होती. वर सतरा अक्षर-अंकांचा चासी नंबर, खाली तीन-तीन अक्षरांच्या संकेतांच्या ओळी: इंजिन, रंग, आणि त्यातच पुढचे-मागचे ब्रेक. एकाच नावाच्या, एकाच सालच्या दोन गाड्या कारखान्यातून वेगवेगळे ब्रेक घेऊन बाहेर पडू शकतात. त्यामुळे साल सांगून भागत नाही. मी ती पट्टी फोनवरून अक्षर-अक्षर वाचून दाखवली. चासी नंबरात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे मुद्दामच वापरत नाहीत, एक आणि शून्य यांच्याशी गल्लत होते म्हणून, हे मला त्या दिवशी कळले. आमच्या लेखनिकांना कुणीतरी हे आधी सांगायला हवे होते.

उत्तर आले: ३५०.

योग्य डिस्क चौथ्या दिवशी आल्या. दोन्ही बाजूंच्या एकदमच बदलल्या, पॅडही नवे घातले. पहिले काही दिवस जोराने ब्रेक मारायचा नाही, हळूहळू बसू द्यायचे, असे मिस्त्रीने बजावले. मित्राने वैनगंगेच्या पुलावरून दोन चकरा मारल्या. मग तो काकूंना घेऊन निघाला, आणि मला सुट्टी होती म्हणून मीही बसलो. मौद्याच्या अलीकडे एक म्हैस रस्त्यात आली. गाडी थांबली, न थरथरता. काकूंची झोपसुद्धा मोडली नाही.

जुन्या दोन्ही डिस्क भंगारात द्यायच्या होत्या. काकूंनी एक ठेवून घेतली. "चांगली जड आहे बाबू," मला म्हणाल्या, "वाऱ्यानं हलायची नाही." आता तिच्यावर त्यांची तुळशीची कुंडी आहे. मिस्त्रीने खडूने लिहिलेला ३५० पहिल्याच पाण्यात धुऊन गेला, पण बत्तीस अजून वाचता येतो.