पावसाच्या वाटेने नागासाकीला

आपल्याकडे प्रवासाचे बेत ऋतूला विचारून ठरतात. दिवाळी सरली, हवेत गारवा आला, की कोणी जुन्या गोव्याला सायबाच्या फेस्ताला निघतो, कोणी दक्षिणेकडे वळतो. मे महिन्यात मुलेबाळे आजोळी जातात. मृग लागला की मात्र बॅगा माळ्यावर चढतात आणि छत्र्या खाली उतरतात. माझ्या पत्नीच्या माहेरी, वसईला, तर हा नियम आणखी कडक. 1 जूनपासून मासेमारी बंद होते, होड्या किनाऱ्यावर ओढून झाकल्या जातात, घरोघर आगोटीची बेगमी झालेली असते. सुके मासे, लाकूडफाटा, मसाला भरून ठेवला, की पुढचे चार महिने माणसाने शेत, चर्च आणि चूल यांपलीकडे जाऊ नये, असा तिथला जुना शिरस्ता.

अशा परंपरेतल्या आमच्या घराने यंदा परदेशगमनाचा बेत आखला आहे, आणि तोही ऐन जूनच्या अखेरीचा! पिंपळे सौदागरच्या आमच्या इमारतीत ही वार्ता पसरली तेव्हा शेजाऱ्यांनी प्रथम आनंद व्यक्त केला, मग ठिकाण विचारले आणि शेवटी महिना ऐकून ते गप्प झाले. ‘‘जपानला लोक चेरीच्या फुलांसाठी मार्च-एप्रिलमध्ये जातात, नाहीतर पानांचे रंग पाहायला नोव्हेंबरमध्ये. तुम्ही पावसात तिथे काय पाहणार?’’ असे एका सद्गृहस्थांनी विचारले. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे नव्हते, म्हणून हा लेखप्रपंच.

आमची मुलगी दुभाषी आहे. पुण्यात जपानी भाषा शिकण्याची परंपरा जुनी आणि चाकण-तळेगावच्या पट्ट्यात जपानी कारखाने आल्यापासून त्या भाषेला भाकरीचेही मोल आले. चाकणच्या एका कारखान्यात ती जपानी अभियंते आणि आपले कामगार यांच्यामध्ये उभी राहून दोन्हीकडचे बोलणे पोहोचवीत असे. दोन वर्षांपूर्वी तिला जपानच्या क्यूशू बेटावरील फुकुओका शहरी पाठवण्यात आले. तिचा करार जुलैअखेर संपतो. तिच्या घरी उतरायचे, तिच्या जिभेने बोलायचे आणि तिच्या हाताला धरून चालायचे, तर जून-जुलैखेरीज दुसरा काळ नाही.

आणि जायचे आहे ते सासूबाईंना. त्या सत्याहत्तर वर्षांच्या आहेत. सासरे गेल्यापासून त्या आमच्याकडे असतात. सासरे संत गोन्सालो गार्सियाचे भक्त. दर फेब्रुवारीत वसईच्या किल्ल्यातील संताच्या सणाला ते न चुकता जात, आणि परतताना पत्नीला म्हणत, ‘‘एकदा त्याचा क्रूस उभारला ती टेकडी पाहून येऊ.’’ त्यासाठी दोघांनी पासपोर्टही काढले होते. पण कधी बागायतीचे काम आडवे आले, कधी धाकटीचे लग्न, कधी कोणाचे दुखणे. ‘पुढच्या वर्षी, बऱ्या हवेत’ असे म्हणता म्हणता सासऱ्यांच्या पासपोर्टची मुदत संपली, आणि त्यावर एकही शिक्का उमटला नव्हता. ती कोरी वही सासूबाईंनी अजून जपून ठेवली आहे.

गोन्सालो गार्सियाची कथा वसईकरांना पाठ असते. आमच्यासारख्या घाटावरच्यांसाठी ती थोडक्यात सांगतो. सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर वसईत जन्मलेला हा मुलगा. वडील पोर्तुगीज, आई इथली. किल्ल्यातल्या येशूसंघीयांकडे तो शिकला आणि 1572 च्या सुमारास, मिसरूडही फुटले नसेल अशा वयात, त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथली भाषा त्याने अशी आत्मसात केली की पुढे मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाल्यावर, 1593 मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता राजदूत म्हणून जपानला निघाले, तेव्हा दुभाषी म्हणून त्यालाच सोबत घेण्यात आले. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर वसईचा मुलगा बोलला! त्याच हिदेयोशीच्या हुकमाने 1596 च्या डिसेंबरात धरपकड झाली. कैद्यांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला, ऐन थंडीत त्यांना क्योतोपासून नागासाकीपर्यंत नेण्यात आले आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवण्यात आले. त्यांत वीस जपानी होते. बारा, तेरा आणि चौदा वर्षांची तीन मुलेही होती. 8 जून 1862 रोजी पोप नववे पायस यांनी या सर्वांना संतपद दिले. भारतात जन्मलेला पहिला संत तो हाच.

ही कथा मी अनेकदा ऐकली होती. पण तिच्यातले हवामान माझ्या ध्यानी आले ते या प्रवासाच्या तयारीत. झाले असे की, क्यूशूत जूनमध्ये पाऊस कितपत असतो हे मी शोधू लागलो. जपानी लोक या पावसाला ‘त्सुयू’ म्हणतात. हा शब्द ते दोन चित्राक्षरांनी लिहितात, एक ‘उमे’ या आलुबुखाराच्या जातीच्या फळाचे आणि दुसरे पावसाचे. कारण ती फळे याच दिवसांत पिकतात. आपल्या आम्रसरींचीच ही बहीण म्हणायची. उत्तरेची गार हवा आणि प्रशांत महासागरावरची उष्ण हवा यांची सीमा जपानवर येऊन अडून बसते आणि नैऋत्येकडून येणारे बाष्प तिच्यावर रिते होत राहते. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापुढेपर्यंत हे चालते. जून-जुलै मिळून नागासाकीत सरासरी सहाशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे पुण्यात सबंध पावसाळ्यात जेवढा पडतो साधारण तेवढा. शिवाय हवा उकाड्याची आणि दमट. वसईच्या माणसाला ओळखीची, पण आम्हा संगमनेरकडच्यांना घुसमटवणारी.

हे वारे कोणते? आपल्याकडे पाऊस आणणाऱ्या मोसमी वाऱ्यांच्याच विशाल गोतावळ्यातले! शिडांच्या काळी पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजांना त्यांच्यावाचून गती नव्हती. गोव्याची जहाजे एप्रिल-मेमध्ये निघत आणि मलाक्कावरून मकावला पोहोचत. तिथे पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहत आणि जून ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत नैऋत्येचा वारा शिडांत भरून नागासाकी गाठत. थंडीत वारा उलट फिरला की परत. संत फ्रान्सिस झेवियर 1549 च्या एप्रिलमध्ये गोव्याहून निघाले. त्यांनी मलाक्का सोडले ते 24 जूनला, म्हणजे गोव्यात सांजावच्या दिवशी लोक विहिरीत उड्या घेतात त्या संत योहानाच्या सणाला. आणि क्यूशूच्या दक्षिण टोकाला कागोशिमात त्यांनी पाऊल ठेवले ते 15 ऑगस्टला, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला. जपानात सुवार्ता गेली ती अशी ऐन पावसाळ्यात. ज्या ऋतूत वसईचा कोळी होडी वर ओढतो, त्याच ऋतूत मलाक्का-मकावचे नावाडी नांगर उचलीत. गोन्सालोही या वाऱ्यांच्याच वाटेवरचा प्रवासी.

हे सर्व मी रात्रीच्या जेवणावेळी सासूबाईंना सांगितले. मनात हेतू असा की, त्यांच्यापुढे पावसाची बाजू स्पष्ट मांडावी आणि हवे तर बेत रद्द करण्याची वाट त्यांना मोकळी ठेवावी. ‘‘आई, तिथे रोज पाऊस असेल. चढ आहेत, पायऱ्या आहेत. तुमच्या गुडघ्यांना सोसेल का?’’ असे मी विचारले. त्यांनी ताटातला घास संपवला आणि म्हणाल्या, ‘‘जावईबापू, गोन्सालो पावसाला भ्याला असता, तर आपण फेब्रुवारीत कोणाचा सण केला असता?’’

पुढे बोलण्यासारखे काही उरले नाही.

खरे पाहता, हे उत्तर मला आमच्या दारासमोरच मिळायला हवे होते. ज्येष्ठात तुकोबांची पालखी देहूहून निघते, आकुर्डीला मुक्काम करते आणि चिंचवड, पिंपरी, दापोडीमार्गे पुण्याकडे जाते. डोक्यावर तुळस, खांद्यावर पताका आणि अंगावर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळलेल्या म्हाताऱ्या बाया मी वर्षानुवर्षे त्या रस्त्यावर पाहत आलो आहे. पाऊस थांबल्यावर निघू, असे त्यांतली एकही म्हणत नाही. सहलीचा काळ हवा पाहून ठरतो. यात्रेचा काळ आपल्या आवाक्याबाहेर कोठेतरी ठरलेला असतो. कधी पंचांगात, कधी वाऱ्यांत, तर कधी एखाद्या मुलीच्या नोकरीच्या करारात.

मात्र श्रद्धेचा अर्थ बेफिकिरी असा मी घेत नाही. नागासाकीच्या पावसाचे एक भयंकर रूपही आहे. 23 जुलै 1982 रोजी त्या शहराला लागून असलेल्या नागायो येथे एका तासात 187 मिलीमीटर पाऊस पडला. डोंगर खचले आणि सुमारे तीनशे माणसे दगावली वा नाहीशी झाली. 1634 साली बांधलेल्या ‘मेगानेबाशी’ या दगडी कमानींच्या पुलाचाही काही भाग वाहून गेला. पुढे तो पूर्ववत बांधण्यात आला. पवनेचे पाणी चढले की आपल्या काठच्या वस्त्यांत काय होते हे आपण जाणतोच. तेव्हा आमच्या तयारीत पावसाला मानाचे पान आहे. घाटात दरड कोसळून वाट अडण्याची भीती असते, म्हणून मुंबईला विमानाच्या आदल्या दिवशीच पोहोचायचे. जपानमध्ये नेहमीची औषधे साधारणतः महिनाभराचीच विनापरवाना नेता येतात आणि सर्दीच्या काही औषधांतील घटकांना तिथे मनाई आहे, म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीसह गोळ्या मोजून घ्यायच्या. बूट असे, की भिजले तरी घसरणार नाहीत. दुपारच्या उकाड्यात आईंना बाहेर काढायचे नाही. इशारा आला तर घराबाहेर पडायचे नाही, मग कार्यक्रम बुडाला तरी चालेल.

व्हिसासाठी जपान दिवसवार कार्यक्रम मागतो. कोणत्या तारखेला कोठे, कोठे मुक्काम, हे सारे रकान्यांत भरावे लागते. तो कागद भरायला आम्ही तिघे बसलो आणि मुलगी फोनवर होती. फुकुओकाहून आगगाडीने ताकेओ-ओनसेन आणि तिथून 2022 साली सुरू झालेल्या नव्या शिंकान्सेनने नागासाकी. स्थानकापासून निशिझाका पायी काही मिनिटांवर. तिथे 1962 साली, संतपदाच्या शताब्दीला, स्मारक उभे राहिले. शिल्पकार फुनाकोशी यांनी सव्वीस जण एका ओळीत घडवले आहेत आणि त्यांची पावले खाली लोंबती आहेत, जणू जमीन सोडून ते वर निघाले आहेत. 2019 च्या 24 नोव्हेंबरला पोप फ्रान्सिस नागासाकीत आले, तेव्हाही पाऊस कोसळत होता. ‘‘पाहा, पोपसुद्धा भिजले,’’ असे म्हणून सासूबाईंनी तो रकाना भरायला लावला.

दुसरा दिवस ओउरा चर्चचा. या सव्वीस रक्तसाक्षींच्या नावाने ते बांधले गेले. 1614 च्या देशव्यापी बंदीनंतर जपानी ख्रिस्ती लोकांनी सुमारे अडीचशे वर्षे, धर्मगुरूंवाचून, आपल्या घरांत श्रद्धा लपवून जपली. 17 मार्च 1865 रोजी उराकामी खेड्यातील काही माणसे या चर्चमध्ये आली. त्यांनी फादर पेतिजाँ यांच्याजवळ आपली श्रद्धा हळूच प्रकट केली आणि मरियामातेची मूर्ती कोठे आहे ते विचारले. पुढे त्याच उराकामीत भव्य मंदिर उभे राहिले. 9 ऑगस्ट 1945 रोजी अणुबाँबने ते कोसळले, तेव्हा आत पापनिवेदनासाठी जमलेली माणसे होती. त्या दिवशी विमानाचे पहिले लक्ष्य कोकुरा शहर होते; तिथले आकाश झाकोळलेले, म्हणून ते नागासाकीकडे वळले. हवामानाला माणसाने किती अर्थ द्यावा, असा प्रश्न तिथे पडल्यावाचून राहत नाही. 1959 साली ते मंदिर पुन्हा उभे राहिले. तिसरा दिवस उराकामीचा.

ओउरासमोर चढ आणि पायऱ्या आहेत, हे मुलीने आधीच सांगितले. त्यावर बराच खल झाला. अखेर असे ठरले, की आईंना जमेल तेवढे त्यांनी चढावे आणि जिथे थांबावेसे वाटेल तिथे खाली बसून जपमाळ म्हणावी. निशिझाकाला मात्र त्या चालतच जाणार आहेत. ती अट त्यांची.

कागद भरून झाल्यावर त्यांनी कपाटातून सासऱ्यांचा जुना, कोरा पासपोर्ट काढला आणि तो आपल्या पर्समध्ये नव्या पासपोर्टच्या बाजूला ठेवला. तपासणीत कोणी हटकले तर काय सांगायचे, असे पत्नीने विचारले. ‘‘खरे ते सांगू, मुलगी आहे ना जपानीत समजावायला,’’ इतकेच त्या म्हणाल्या.

हा अंक आपल्या हाती येईल तेव्हा बहुधा आमच्या छत्र्या नागासाकीत उघडलेल्या असतील. वाचकांनी आपल्या प्रार्थनेत सासूबाईंच्या गुडघ्यांची तेवढी आठवण ठेवावी. पावसाचे आम्ही पाहून घेऊ.