दोन इंच

उंचीची हौस माणसाला उपजतच असते. लहान मूल दाराच्या चौकटीला पाठ लावून उंची मोजायला उभे राहिले की त्याच्या टाचा आपोआप वर होतात. घर बांधणाऱ्याला आपले जोते शेजाऱ्याच्या जोत्यापेक्षा वीतभर तरी वर असावेसे वाटते. तेव्हा मोटारगाडी उंच करण्याचेही साहित्य बाजारात मिळते, हे कळल्यावर मला नवल वाटले नाही. नवल वाटले ते एवढ्याचेच की, त्याची निवड करण्याच्या कामी घरच्यांनी माझ्यासारख्या शाळामास्तराला बसवले! कादंबऱ्या लिहिणाऱ्याला सगळेच थोडे थोडे कळत असावे, अशी आमच्या घरात एक भाबडी समजूत आहे. पदार्थविज्ञानाशी माझी ओळख मॅट्रिकच्या पेपराबरोबर संपली, हे त्यांना कोण सांगणार?

आमची वाडी अकोले तालुक्याच्या पश्चिम कडेला, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला आहे. नगर जिल्हा म्हटले की लोकांना दुष्काळ आठवतो. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण आठवण काही बदलली नाही. पूर्वेकडच्या तालुक्यांत वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडला तरी लोक समाधान मानतात. आमच्याकडे घाटघरला मात्र पाच हजारांच्या आसपास पडतो. एकाच जिल्ह्यात एक जण आभाळाकडे बघतो आणि दुसरा रस्त्याकडे. आम्ही रस्त्याकडे बघणारे.

त्या रस्त्यावर दादाची जुनी पिकअप चालते. चारही चाकांना जोर असलेली, जीपच्या वंशातली, पुढे-मागे पोलादी पाट्यांवर तोललेली. भाताची पोती, दुधाचे कॅन, लग्नाचे वऱ्हाड आणि आजारी माणूस या सगळ्यांची वाडीत तीच एक सोय. यंदा आषाढात एका अडलेल्या बाईला तिच्यातूनच खाली न्यावे लागले. ओढा उतरताना एका धोंड्यावर गाडीचे पोट टेकले. चाके फिरेनात. सहा माणसे कमरेएवढ्या पाण्यात उतरली आणि त्यांनी गाडी ढकलून काढली. बाई सुखरूप, मुलगीही सुखरूप. पण तो धोंडा माझ्या पुतण्याच्या मनात रुतून बसला.

"काका, फक्त दोन इंच पाहिजेत," तो मला म्हणाला. "दोन इंच गाडी वर असती, तर असं झालंच नसतं."

आणि त्याने माझ्यापुढे सगळे पर्याय मांडले. पाट्याचे टोक ज्या कडीत झुलते ती शॅकल लांब घ्यायची. आस आणि पाटा यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालायचा. जास्त कमानीचे नवे पाटे आणि त्यांच्या जोडीला लांब शॉकअप बसवायचे. किंवा पाट्यांना हातच न लावता चासी आणि वरचे धूड यांच्यामध्ये जाड गाद्या घालायच्या. तिसऱ्या पर्यायावर त्याचा जीव होता. त्या संचाची किंमत ऐकून वहिनीने हातातले सूप खाली ठेवले.

दादा काहीच बोलला नाही. "मास्तर, तू बघ," एवढेच म्हणाला.

मग आम्ही काका-पुतणे संगमनेरला एका मेस्त्रीकडे गेलो. पाट्याच्या कामात केस पांढरे झालेला माणूस. पुतण्याचे सगळे बोलणे त्याने ऐकून घेतले आणि मला म्हणाला, "गुरुजी, गाडी उंच करता येते हो. पण उंच काय होतं, ते आधी बघा."

त्याने मला गाडीखाली वाकायला लावले. मागच्या आसाच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, तो बहुधा गाडीचा जमिनीला सर्वांत जवळचा भाग. पाट्यांची कमान कितीही वाढवा, तो गोळा केसभरही वर जात नाही. कारण तो पाट्यांच्या वर नसतो, चाकांच्या आसावर असतो. तो उचलायला चाकच मोठे हवे. चाकाचा व्यास दोन इंचांनी वाढवला, तर गोळा उचलतो एकच इंच. शॅकलचाही हिशेब तसाच: ती दोन इंच लांब केली, तर गाडी साधारण इंचभर उठते. पुढची लांब केली, तर सुकाणूचा कोन बदलतो आणि गाडी सरळ रस्त्यावर भरकटू लागते. पुढच्या आसावर ठोकळा घालणे तर धोक्याचेच. ब्रेक दाबला की तो पिळवटतो. गाडी फार उचलली, की ब्रेकच्या नळ्या ताणतात आणि फिरत्या दांड्याचे सांधे वाकड्या कोनात चालून लवकर झिजतात. एक वस्तू बदलायला गेले की तिच्यामागे चार बदलाव्या लागतात. संसाराचा नियम लोखंडालाही लागू असतो, हे मला त्या दिवशी समजले.

"आणि कलंडते, ते वेगळंच," मेस्त्री म्हणाला.

हे मात्र माझ्या मॅट्रिकच्या गणिताच्या आवाक्यातले होते. समजा, दोन चाकांमधले अंतर १४०० मिलिमीटर आहे आणि भरल्या गाडीचा भारकेंद्र जमिनीपासून ७०० वर आहे. अशी गाडी आडवी कलंडायला कागदावर ४५ अंशांचा उतार लागेल. भारकेंद्र पन्नास मिलिमीटर वर न्या, ४३ अंशच पुरतील. दोन अंश ऐकायला थोडे वाटतात; पण वळणावर, पोत्यांच्या राशीखाली, ओल्या मुरुमावर ते दोन अंश कुठे जातात ते घाटात गाडी हाकणाऱ्याला विचारावे.

मला नगरचे रणगाड्यांचे संग्रहालय आठवले. १९९४ साली ते सुरू झाले, आणि मी मुलांच्या सहलीबरोबर दोनदा तिथे गेलो आहे. मुलांना रणगाडा म्हणजे काहीतरी उत्तुंग असेल असे वाटत असते. प्रत्यक्षात तो बैठ्या अंगाचा आणि रुंद असतो. उंची वाढली की तो शत्रूला लांबून दिसतो, म्हणून त्याला ठेंगणा ठेवण्यासाठी हुशार माणसांनी आपली बुद्धी झिजवली. चिखलातून जाण्याचे बळ त्याला उंचीतून मिळत नाही. रुंद पट्ट्यांवर वाटलेल्या भारातून मिळते.

परत येताना मी पुतण्याला कायद्याचे सांगितले. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कारखान्याने ठरवलेली आणि नोंदणीत लिहिलेली गाडीची मूळ ठेवण मालकाला मनाप्रमाणे बदलता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंगला उभे राहावे लागते. तिथे ही उंची लपवणार कुठे? आणि उद्या अपघात झालाच, तर विमा कंपनीशी वाद कोण घालणार?

"कायदा ओढ्यात उतरून गाडी ढकलतो का?" पुतण्या म्हणाला.

त्याचा राग मला खोटा वाटला नाही. पाण्यात उतरलेल्या सहा जणांत तो होता.

तिढा सोडवला दादाने. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दोन-दोन इंच जाडीच्या चार फळ्या अंगणात मांडल्या आणि पिकअप त्यांच्यावर चढवून उभी केली. "झाली बघ तुझी गाडी उंच," तो मुलाला म्हणाला. "आता वापरून दाखव."

वहिनीने भाताचे पोते उचलून मागच्या फळीवर टेकवायचा प्रयत्न केला. रोज छातीशी लागणारी फळी आज गळ्याशी आली. मग आईला बोलावले. तिचे वय ऐंशीच्या घरात आणि गुडघे त्याहून म्हातारे. दर पंधरवड्याला ती याच गाडीतून राजूरला औषधाला जाते. तिने पायरीवर पाय टाकला, दांडी धरली, अंग वर ओढायला गेली आणि थांबली. पुन्हा एकदा प्रयत्न केला. मग पाय खाली घेऊन ती अगदी सहज म्हणाली, "राहू दे रे. माझं काय, मी नाही गेले तरी चालेल."

अंगणात कोणी बोलले नाही. थोड्या वेळाने पुतण्याने स्वतःच गाडी फळ्यांवरून खाली घेतली. ज्या बाईसाठी गाडी उंच करायची, तिला तरी भरल्या दिवसांत तीत कसे चढता आले असते?

पण धोंडा होता तिथेच होता. म्हणून आम्ही पुन्हा संगमनेर गाठले. या वेळी मेस्त्रीने फीत घेतली आणि त्याच जातीची, नुकतेच नवे पाटे घातलेली दुसरी गाडी शेजारी उभी करून दोन्हींची मापे घेतली. आमची पिकअप डावीकडे इंचभर बसली होती आणि चालकाच्या बाजूला जवळजवळ दोन इंच! वर्षानुवर्षे ओझी वाहून पाटे सपाट झाले होते. एक तर आतल्या आत मोडला होता. जे दोन इंच आम्ही बाजारात विकत घ्यायला निघालो होतो, ते गाडीचेच होते. रोज थोडेथोडे खाली जात होते, म्हणून कोणाला दिसले नव्हते.

मेस्त्रीने मूळ मापाचे नवे पाटे जोडीने घातले. बुश, पिना आणि यू-बोल्ट बदलले, शॉकअप नवे बसवले. टायर नोंदणीतल्याच मापाचे, पण खोल नक्षीचे घेतले. सगळा खर्च त्या संचाच्या निम्म्यातही आला नाही. गाडी आपल्या उंचीला परत आली आणि पासिंगच्या वेळी मान खाली घालायचे कारण उरले नाही.

राहिला धोंडा. आमच्याच जिल्ह्यात राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजारच्या लोकांनी श्रमदानाने गावाचे रूप पालटले. मग आम्हाला एक धोंडा जड का व्हावा? भाद्रपदात पाऊस उघडल्यावर वाडीची पंधरा माणसे पहारी आणि घण घेऊन ओढ्यात उतरली. एक सबंध दिवस गेला. धोंड्याचे डोके वीतभर फुटले, आणि निघालेले दगड उतारावर दाबून बसवले. गाडी वर उचलण्यापेक्षा वाट खाली घेणे सोपे गेले. शिवाय त्या वाटेने आता शेजारच्या वाडीची बैलगाडीही जाते, जिला कोणताही संच बसला नसता.

भात आता कापणीला आला आहे. पहिली पोती घेऊन पुतण्या बाजाराला जाईल, तेव्हा आई त्याच्या शेजारी बसेल. तिला पणत्या तिच्या मनासारख्या निवडून घ्यायच्या आहेत.