रांगेत वाढलेले घर

लोअर परळच्या एका जुन्या चाळीत तळमजल्यावर कापडाचे दुकान आणि वर दोन खोल्यांचे बिऱ्हाड. या घरातील थोरली बहीण विवाहानंतर न्यू जर्सीत स्थायिक झाली. अमेरिकेचे नागरिकत्व मिळताच, 2005 च्या अखेरीस, तिने धाकट्या भावाच्या कुटुंबासाठी स्थायी वास्तव्याचा अर्ज दाखल केला. तेव्हा भावाचा मुलगा सात वर्षांचा होता.

नागरिकांच्या भावंडांसाठी अमेरिका वर्षाला सुमारे 65,000 जागा ठेवते, आणि कोणत्याही एका देशाला एकंदर जागांच्या 7 टक्क्यांहून अधिक वाटा सहसा मिळत नाही. त्यामुळे भारतीयांची रांग लांबत गेली. या रांगेत अर्जाची तारीख हाच क्रमांक.

घर वाट पाहत राहिले. भोवतालच्या गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले. शेजारचा गाळा विकत घेण्याची संधी आली. 'आज ना उद्या जायचेच आहे' म्हणून ती सोडली.

2024 मध्ये क्रमांक लागला. मुलगा तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. अर्ज मंजूर होण्यास लागलेला काळ कायदा मुलाच्या वयातून वजा करतो. मंजुरीनंतर रांगेत गेलेली वर्षे करीत नाही. मंजुरीस तीन वर्षे लागली होती. वजाबाकीनंतरही वय तेवीस उरले, आणि मर्यादा एकविसाची. आईवडिलांना वाट मोकळी झाली, मुलाचे नाव गळाले.

तिकडे गेल्यावर वडील मुलासाठी वेगळा अर्ज करू शकले असते. पण ती रांगही सुमारे आठ वर्षांची. शिवाय वडिलांना नागरिकत्व मिळण्यापूर्वी मुलाने विवाह केल्यास तो अर्ज रद्द. मुलाचा साखरपुडा होऊन महिनाच झाला होता.

उत्तर देण्यास वर्षभराची मुदत होती. वडिलांनी आठवडाभर विचार केला आणि बहिणीला फोन लावला. "ताई, तू तुझा शब्द पाळलास. पण त्या कागदावरचे घर आता राहिले नाही."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ताई म्हणाली, "लग्नाची तारीख कळव. मी येते."

अर्ज करणे चुकीचे नव्हते. त्याच्या भरवशावर व्यवहार थांबवणे महागात पडले. दुसऱ्या सोमवारी दुकानाचे भागीदारीपत्र तयार झाले. त्यावर मुलाचे नाव होते.