मडकं वाजवून, माऊस हाताळून

सोलापूरहून धुळ्याला जाणारा मोठा रस्ता धरलात, की धाराशिव मागे पडते, येडशी मागे पडते, येरमाळा येते आणि त्याच्या पुढे लागते तेरखेडा. जिल्हा धाराशिव, तालुका वाशी. बाहेरच्या माणसाला हे गाव एकाच गोष्टीसाठी ठाऊक असते. ती म्हणजे फटाके! तमिळनाडूत जशी शिवकाशी, तसे आपल्याकडे तेरखेडा. दिवाळी जवळ आली, की लांबलांबचे व्यापारी इथे माल न्यायला येतात. काम मात्र मोठ्या जोखमीचे. सतत दारूशी गाठ. इथे स्फोट झाले आहेत, माणसे गेली आहेत. आपण मजेत वात पेटवतो, तेव्हा तो फटाका कुणाच्या तरी हातांनी भरलेला असतो, हे विसरू नये.

तेरखेड्याची दुसरी ओळख फारशी कुणाला माहीत नसते. तेरणा नदी याच परिसरातल्या बालाघाटाच्या डोंगरांत उगम पावते. पुढे ती तेर गावाजवळून वाहत जाते आणि शेवटी मांजरेला मिळते.

या गावात माझी बहीण राहते. तिची मुलगी नववीत आहे आणि कॉम्प्युटरवरच्या गेमची तिला भारी आवड. भाऊबीजेची आणि राखीची ओवाळणी साठवून तिने दोन वर्षांत काही पैसे जमवले होते. मी गेलो, तशी ती म्हणाली, “मामा, मला गेम खेळायला चांगला माऊस घ्यायचाय. धाराशिवला चला की माझ्यासंगं!”

“घरात आहे की एक.”

“तो लई जुना झालाय. आन् मी डावखुरी, तो उजव्या हाताचा. म्हणून मी उजव्या हातानंच खेळते आन् हरते. मग गल्लीतली पोरं म्हणतात, पोरींना गेम जमत नसतो.”

आता हा नुसता खरेदीचा प्रश्न राहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही मोटारसायकलवर निघालो.

खोक्यावरचे चित्र

निघताना शेजारच्या एका मुलाने सल्ला दिलाच. “ज्याच्यात सात रंगांचे लाइट असतात ना, तोच घे. माझ्याकडं तोच आहे!”

मी भाचीला विचारले, “तुमच्या गावात फटाके घेताना तू काय बघतेस? खोक्यावरचं चित्र?”

ती हसली. “चित्रात तर बॉम्बसुद्धा चंद्रावर गेलेला असतो! आत काय भरलंय ते खरं.”

माऊसचेही तसेच आहे, बरं का दोस्तांनो! आतले रंगीत दिवे म्हणजे भुईनळा. बघायला छान, पण त्याने नेम काही सुधारत नाही. तुमच्या हाताखाली तो झाकलाच जातो. दिवे आवडत असतील तर जरूर घ्या, त्यात वाईट काही नाही. मात्र ते आवडीचे म्हणून घ्या, खेळ सुधारेल म्हणून नव्हे. आणि शेजाऱ्याचा माऊस शेजाऱ्याच्या हाताला बसलेला असतो, तुमच्या नाही. चप्पल घेताना आपण मित्राच्या पायाचे माप देतो का?

रामलिंगाची माकडे

येरमाळ्याला येडेश्वरीच्या डोंगराकडे पाहून हात जोडले आणि येडशीला थांबलो. इथल्या दाट झाडीच्या दरीत रामलिंगाचे देऊळ आहे. भोवतालचे रान अभयारण्य म्हणून राखलेले आहे. पावसाळ्यात इथे धबधबा कोसळतो आणि माकडे तर बाराही महिने हजर! त्यांना काही खायला घालू नका. पण लांबून त्यांचे हात जरूर बघा.

एक माकड फांदीला बोटांचा आकडा करून लोंबकळत होते. दुसऱ्याने एक फळ पूर्ण मुठीत धरले होते. तिसरे जमिनीवरचा दाणा चिमटीने टिपत होते. हात एकाच तऱ्हेचे, पण कामाप्रमाणे पकड वेगळी.

माऊस धरण्याच्याही अशाच तीन तऱ्हा आहेत. पहिली तळहाताची पकड. यात सगळा हात माऊसवर विसावतो. अशा खेळाडूला पाठीला चांगला फुगवटा असलेला, मोठा माऊस बरा पडतो. खूप वेळ खेळले तरी बोटे अवघडत नाहीत. दुसरी पंजाची पकड. तळहाताची मागची कड माऊसला टेकते आणि बोटे आकड्यासारखी वर उचललेली असतात. भराभर क्लिक करायला ही सोयीची. तिसरी चिमटीची. माऊसला फक्त बोटांची टोके लागतात, तळहात अधांतरी. नेम बारीक धरता येतो, पण त्यासाठी माऊस लहान आणि हलका हवा.

यातली कोणती चांगली? कोणतीच नाही आणि तिन्ही! तुमचा हात आपोआप जी धरतो, ती तुमची.

दगडावर बसून आम्ही भाचीचा हात मोजला. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साडेसोळा सेंटिमीटर भरला. साधारणपणे सतरापेक्षा कमी असेल तर हात लहान, सतरा ते एकोणीस मध्यम आणि त्याच्या वर मोठा, असे धरून चालतात. मग मी तिच्यापुढे माऊसएवढा एक गोटा ठेवला आणि म्हटले, “धर.” तिने पटकन डाव्या हाताने धरला. बोटे वर उचललेली, तळहाताची कड टेकलेली. पंजाची पकड! निम्मे काम तिथेच झाले.

गोरोबाकाकांचे थापटणे

येडशीपासून महामार्ग सोडून आम्ही पूर्वेला तेरकडे वळलो. दोन हजार वर्षांपूर्वी हे गाव ‘तगर’ नावाने समुद्रापारच्या व्यापाऱ्यांना ठाऊक होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या प्रवासवर्णनात, पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे शहर म्हणून तगरचा उल्लेख आहे. इथले कापड गाड्यांवर लादून पार भडोचच्या बंदरापर्यंत जात असे.

गावात रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. त्यांनी आयुष्यभर हौसेने जमवलेल्या प्राचीन वस्तूंतून ते उभे राहिले. मातीच्या मूर्ती, मणी, भांडी असे कितीतरी इथे बघायला मिळते. तेरला एक छोटीशी हस्तिदंती स्त्रीमूर्तीही सापडली. तशाच धाटणीची मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पाँपेई या गाडल्या गेलेल्या शहरात मिळाली. अशा मूर्ती म्हणजे आरशाची मूठ असावी, असे काही अभ्यासक मानतात. म्हणजे बघा, हातात नीट बसेल अशी मूठ घडवायची खटपट माणूस किती जुन्या काळापासून करतो आहे!

तेर हे संत गोरा कुंभारांचे गाव. आतून दगडी गोळा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत मडक्याला आकार द्यायचा, ही कुंभारकामाची रीत. गोरोबाकाकांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. सगळे संत जमले असताना मुक्ताबाईने विचारले, “काका, यातलं कोणतं मडकं पक्कं आणि कोणतं कच्चं?” काकांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर टकटक करून पाहिले. बाकीचे गप्प राहिले, नामदेव मात्र रागावले. काका म्हणाले, “हे मडकं कच्चं!”

आपली आजीसुद्धा बाजारात मडके घेताना ते वाजवून घेते. पक्के असेल तर ‘टण्ण’ वाजते, चीर गेली असेल तर ‘भद्द’. रंगावर आणि नक्षीवर ती भुलत नाही. माऊस घ्यायची खरी रीत हीच!

आणि गंमत म्हणजे जगातला पहिला माऊससुद्धा थापटण्यासारखा लाकडीच होता. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत डग्लस एंगलबार्ट यांना त्याची कल्पना सुचली आणि त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ साली तो बनवला. लाकडाचा ठोकळा, खाली काटकोनात बसवलेली दोन चाके आणि वर एकच बटण. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत तो पहिल्यांदा लोकांपुढे आला. मागून शेपटीसारखी वायर निघाली होती, म्हणून नाव पडले उंदीर! पुढे चाकांच्या जागी रबरी गोळी आली. तुमच्या आईबाबांना विचारा, ती गोळी काढून आतला मळ खरवडायचे काम त्यांनी नक्की केले असेल. आताच्या माऊसच्या पोटात एक इवलासा कॅमेरा असतो. तो टेबलाचे सेकंदाला हजारो फोटो काढतो आणि आधीच्या फोटोशी ताडून माऊस कुठे सरकला ते ओळखतो. काचेवर त्याला टिपायला काही सापडत नाही, म्हणून काचेच्या टेबलावर साधा माऊस अडखळतो.

दुकानात

दुपारी धाराशिवला पोचलो. दुकानदार उत्साही होते. “ताई, हा घ्या. सोळा हजार डीपीआय! लायटिंग बघा की कसलं आहे!”

डीपीआय म्हणजे माऊस एक इंच सरकवला, की पडद्यावरचा बाण किती ठिपके पुढे जातो ते. आपला साधा पडदा १९२० ठिपके रुंद असतो. माऊस ८०० वर ठेवला, तर या टोकापासून त्या टोकाला जायला २.४ इंच, म्हणजे सुमारे सहा सेंटिमीटर हात हलवावा लागेल. १६०० वर तीनच सेंटिमीटर. आणि सोळा हजारांवर? तीन मिलिमीटर! शिंक आली तरी बाण पडद्याबाहेर! नेमबाजीच्या खेळातले कितीतरी पट्टीचे खेळाडू ४०० ते १६०० च्या दरम्यानच खेळतात. मोठा आकडा खोक्यावर शोभतो, तो वापरावाच लागतो असे नाही.

मी विनंती केली, “हिला दोन-चार माऊस कॉम्प्युटरला लावून बघू द्याल का?” दुकानदारांनी आनंदाने तीन माऊस काढून दिले.

पहिला तोच दिव्यांचा. त्याचा अंगठ्याचा खळगा डाव्या बाजूला, म्हणजे फक्त उजव्या हातासाठी. डाव्या हातात तो उलटी चप्पल घातल्यासारखा झाला. दुसरा दोन्ही बाजूंनी सारखा दिसत होता. पण पुढे-मागे जायची जादा बटणे एकाच बाजूला, तीही उजव्या हाताच्या अंगठ्यापाशी. भाचीच्या करंगळीखाली ती नकळत दाबली जाऊ लागली. दोन्ही बाजू सारख्या दिसल्या म्हणजे माऊस डावखुऱ्यांचा झाला, असे नाही. डावखुऱ्या दोस्तांनो, ही खूणगाठ बांधून ठेवा!

तिसरा काळा, साधा, लहानसर. दोन्ही बाजूंनी अगदी सारखा आणि बाजूला एकही बटण नाही. वजन ऐंशी ग्रॅमच्या आसपास. तिने तो डाव्या हातात घेतला, कानाजवळ नेला आणि दोन्ही बटणे वाजवली. टक, टक. आवाज एकसारखा. मग तिने चाक फिरवून पाहिले, माऊस उचलून पुन्हा टेकवला. मी सेटिंगमध्ये जाऊन डावे-उजवे बटण अदलाबदल करून दिले.

“आता चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये एक गोल काढ. आधी उजव्या हातानं, मग डाव्या.”

उजव्या हाताचा गोल बटाट्यासारखा आला. डाव्या हाताचा चांगला वाटोळा. तिने दोन्ही गोलांकडे जरा वेळ पाहिले.

“मामा, म्हणजे मला गेम जमत न्हवता असं नाही. माझा हातच खेळत न्हवता!”

दुकानदारांनाही हे पटले. म्हणाले, “बरोबर आहे. इतकी वर्षं विकतोय, पण असं वाजवून कुणी घेतलं नव्हतं.” तो माऊस दिव्यांच्या माऊसच्या निम्म्याहून कमी किमतीला मिळाला. उरलेल्या पैशांत तिने कापडी पॅड घेतले, कारण घरच्या गुळगुळीत टेबलावर माऊस फार घसरायचा. तरीही काही पैसे शिल्लक राहिले.

तुम्हीही पारखून बघा

आधी आपला हात मोजा. गोटा किंवा साबणाची वडी धरून आपली पकड ओळखा. कोणते खेळ खेळता ते आठवा. नेमबाजीच्या खेळाला हलका माऊस बरा. सैन्य उभारण्याच्या खेळात सारखे क्लिक करावे लागते, तेव्हा हलके दबणारे बटण हवे. मोटारींच्या शर्यतीत तर माऊसचे काम फारसे पडतच नाही! बिनवायरचा घेणार असाल, तर सेल किंवा चार्जिंगची आठवण ठेवावी लागेल. वायरचा स्वस्त पडतो आणि ऐन खेळात बंद पडत नाही. दुकानात निदान पाच मिनिटे तो हातात धरा. मनगट वाकडे होत असेल किंवा बोट दुखत असेल, तर तो माऊस कितीही नावाजलेला असो, तुमचा नव्हे. आणि बरोबरचा मिळाला, तरी अर्ध्या-पाऊण तासाने खेळ थांबवून हात मोकळा करायचा, बरं का!

वस्तू ज्याच्या हातात राहायची, त्याच्या हातालाच ती विचारावी. तेरच्या कुंभाराने घडवलेले मडके असो, नाहीतर कारखान्यातून आलेला माऊस. तेव्हा पट्टी घ्या आणि लिहून काढा: तुमचा हात किती सेंटिमीटरचा भरला?