क्विंटलचं लाकूड, घनफुटाचं लाकूड

वादळात झाड पडलं की फर्दापुरात दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दारात हजर, आणि भाव बोलतं तो क्विंटलचा. आमच्या बांधावरचा कडुनिंब वैशाखातल्या वाऱ्यानं मुळासकट उलथला तेव्हाही तेच झालं. वीटभट्टीवाला जागेवर रोख मोजायला तयार होता. आमच्याकडं सागवान सोडून बाकीचं बहुतेक लाकूड आडजात, आणि आडजात म्हटलं की भट्टी, नाहीतर चूल. आमचे आण्णाही फांद्यांबरोबर बुंधा देऊन मोकळे होणार होते. मी अडून बसलो, की बुंध्याच्या फळ्या करायच्या.

तिथून कागद सुरू झाले. झाड आपलं, शेत आपलं, वाऱ्यानं पडलेलं सगळ्या गावानं पाहिलेलं. तरी ओंडका ट्रॉलीत चढवायचा तर सातबारा, अर्ज, सह्या. सॉ मिलसुद्धा आता कोणी उठून टाकू शकत नाही. जंगल वाचवण्याच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1996 पासून जे आदेश दिले, त्यानंतर परवान्यांचा फास आवळला. अजिंठ्याच्या डोंगराकडं पाहिलं तर ते बरंच झालं असं मला वाटतं, पण एका निंबासाठी हेलपाटे घालताना तेवढा उदारपणा राहत नाही.

जळगाव रस्त्याला एक लहान सॉ मिल आहे. पत्र्याची शेड, एक उभी आरी, रुळांवर पुढंमागं सरकणारी ट्रॉली. मालकानं आधी लाकूड पाहिलंच नाही. विचारलं, “भाऊ, खिळे किती ठोकलेत?” बांधावरच्या झाडाला कोणी कंदील टांगतं, कोणी तार बांधतं, झाड वाढत जातं आणि लोखंड पोटात घेतं. आरीचं पातं अशा खिळ्यावर गेलं की दात उडतात, पातं तुटलं तर माणसाचं काही खरं नाही. त्यानं साल सोलून बुंधा हातानं चाचपला. एके ठिकाणी लाकूड निळंकाळं पडलं होतं. पटाशीनं तिथं उकरलं, तर बोटभर गंजका खिळा निघाला.

मग पहिली चीर. बाहेरचं लाकूड पांढुरकं, आत तांबूस गाभा, आणि शेडभर किंचित कडवट, उग्र वास. मी इंची फळ्या मागितल्या होत्या. त्यानं सव्वा इंची काढल्या. “वाळताना आकसंल, वरून रंधा खाईल, मग तुमचा इंच उरंल.” ओंडका फिरवत त्यानं झाडाचा अगदी मधला भाग एकाच जाड तुकड्यात ठेवला. तो तुकडा तडकणारच, त्याच्यापायी बाकीच्या फळ्या कशाला वाया घालवायच्या!

निंबाची खरी खोड पुढंच कळते. त्याच्या रेषा सरळ वर जात नाहीत. काही थर एका बाजूला कललेले, त्यांच्यावरचे दुसऱ्या बाजूला, असे एकमेकांत गुंतलेले. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या स्वीटगम झाडाचंही तेच, आणि तिथले सुतारही वाळताना पीळ पडतो म्हणून त्याला नावं ठेवतात. अशा फळ्या उन्हात टाकल्या की संपलंच. आम्ही त्या गोठ्यामागच्या सावलीत रचल्या. दोन फळ्यांमध्ये पट्ट्या, सगळ्या पट्ट्या एकाखाली एक ओळीत, वर वाघूर नदीच्या पात्रातले गोटे. टोकांतून पाणी लवकर उडतं आणि तिथूनच चिरा पडतात, म्हणून टोकांना उरलेला ऑइल पेंट फासला. इंचाला एक वर्ष, असा लोकांचा अंदाज. वर्षभर आई त्या ढिगाला वळसा घालून शेणाची पाटी नेत राहिली आणि रोज एक टोमणा मारत राहिली.

फळ्या वाळल्यावर मला त्यांचं दार करून हवं होतं. सुतारमामांनी रंधा मारायला घेतला तर तो एका बाजूनं गुळगुळीत जाई, आणि वीतभर पुढं गेलं की तंतू उचकटून वर येत. फळी उलटी फिरवली तर जिथं आधी नीट झालं होतं तिथं उचकटे. शेवटी रंधा ठेवून मामांनी फुटक्या काचेची धार घेतली आणि फळी खरवडत बसले. काचेखालून निघणारी सालपटं कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ होती. त्या दिवशी फार काम झालं नाही.

लाकडाची बाजू घेत मी त्यांना म्हटलं, अजिंठ्याच्या लेण्यांत 19 आणि 26 नंबरच्या चैत्यांचं छत पाहा, लाकडाच्या कमानी दगडात कोरल्यात. मामा म्हणाले, “दगडात कोरल्या म्हणून टिकल्या.” कार्ल्याच्या चैत्यात तर खऱ्या लाकडी कमानी अजून आहेत, असं सांगितलं. “कशाच्या?” सागाच्या. मामा समाधानानं पुन्हा खरवडायला लागले. पुरीच्या जगन्नाथाची मूर्ती मात्र निंबाचीच असते, शेवटची 2015 साली घडवली, हा माझा हुकमी पत्ता. त्यावर ते एवढंच बोलले, की देवाला दाराची कडी बसवावी लागत नाही.

दाराचा पल्ला करायला त्यांनी साफ नकार दिला. रुंद फळी पावसाळ्यात फुगणार, दार अडकणार आणि शिव्या सुताराला. त्याऐवजी अरुंद तुकडे जोडून धान्याची कोठी केली. निंबाला कीड सहसा लागत नाही, एवढ्यापुरतं मामांचं आणि माझं जमलं. चिराई, ट्रॅक्टर, मजुरी धरली तर पत्र्याची कोठी बरीच स्वस्त पडली असती. आण्णांनी तो हिशेब पाहुण्यांसमोर दोनदा तरी मांडला आहे. पण औंदाची ज्वारी त्यांनी स्वतःच तिच्यात ओतून घेतली, आणि विहिरीजवळची वाकलेली बाभूळ पडलीच तर किती घनफूट निघेल, असं परवा मला विचारत होते.