चार पावसाळे पाहिलेला कॅमेरा

आमच्या घरात आजवर जे जे कॅमेरे आले ते सारे दुसऱ्याच्या हातून आले, आणि या गोष्टीचा मला कधी विषाद वाटला नाही. किंबहुना वसईच्या तहसील कचेरीत, ती ठाणे जिल्ह्यात असतानाही आणि २०१४ च्या ऑगस्टात पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाल्यानंतरही, जुनी दप्तरे उलगडण्यात ज्याची हयात गेली, त्याला कोऱ्या वस्तूपेक्षा वापरलेल्या वस्तूविषयी अधिक कुतूहल वाटावे यात नवल ते काय? निवृत्तीनंतर जुन्या सहकाऱ्यांसमवेत ताडोबाच्या अरण्यात जाण्याचा बेत ठरला आणि त्यासाठी कॅमेरा हवा असे निघाले, तेव्हा दुकानातला नवा कॅमेरा घ्यावा हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही.

पहिला कॅमेरा होता आगफाचा ‘क्लिक थ्री’. बडोद्याच्या कारखान्यात तयार होणारी ती काळी पेटी त्या काळच्या मध्यमवर्गीय घरांत मोठ्या मानाने नांदत असे. तिच्यात एकशेवीस क्रमांकाचा रोळ भरावा, त्यावर बारा चौकोनी छायाचित्रे निघावीत, आणि छायाचित्रकाराने ऊन आहे की ढग एवढाच काय तो निवाडा करावा, अशी तिची सुटसुटीत व्यवस्था होती. बदली होऊन परगावी निघालेल्या एका मास्तरांनी आवराआवर करताना तो आमच्या आप्पांना अल्प किमतीत दिला. आप्पांनी त्याची जी जपणूक केली ती एखाद्या देवस्थानच्या पंचांनाही साधली नसती: चामड्याचे म्यान, त्यावर धुतलेल्या धोतराचे फडके, फडक्यात डांबराच्या गोळ्या, आणि हे सारे लोखंडी कपाटाच्या तळकप्प्यात. मुंज, लग्न किंवा बारसे असेल तरच कपाटाची किल्ली फिरे. रोळातली बारा छायाचित्रे पुरी होण्यास कधी कधी वर्षे लागत, त्यामुळे एकाच रोळात थोरल्या ताईचे साखरपुड्यातले लाजरे मुख आणि तिच्या कडेवरचे पहिले अपत्य असे दोन्ही निघाल्याचे मला स्मरते. आप्पा गेल्यानंतर म्यान उघडून पाहिले तो भिंगावर कोळ्याच्या जाळ्याहून नाजूक असे पांढरट तंतू पसरलेले होते.

त्या तंतूंविषयी विस्ताराने सांगणे प्राप्त आहे, कारण पुढची सारी खरेदी त्यांच्याभोवतीच फिरली. आमचा मुलूख पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी आणि उत्तरेस वैतरणा यांनी वेढलेला. आत वाड्यावाड्यांतून केळी, पानवेली आणि बावखले नावाची तळी. त्यात जून ते सप्टेंबर असा पाऊस की भिंतीला हात लावला तरी ओल हाताला लागावी. अशा हवेत बुरशीचे सूक्ष्म बीज भिंगाच्या दोन काचांमधील फटीत शिरते, अंधार आणि दमट स्थिर हवा मिळाली की रुजते, आणि काचेवरील लेपावर पसरून आपल्या आम्लाने तो कोरत जाते. वेळीच पुसली तर निघते, मुरली तर बुरशी जाऊनही तिचा ओरखडा राहतो. उजेड आणि खेळती हवा तिला मानवत नाही. म्हणजे जो कॅमेरा रोज उन्हात हिंडतो तो सहसा निर्वेध राहतो, आणि ज्याला चामड्याच्या म्यानात जपून ठेवावे तोच नासतो.

दुसरा कॅमेरा मी स्वतः कमावत्या वयात घेतला. विरारची लोकल धरून चर्चगेटला उतरावे, फोर्टातून चालत बोराबाजार गाठावा, आणि तिथल्या कॅमेऱ्यांच्या दुकानांसमोर खिशातील रकमेचा अंदाज घेत उभे राहावे, हा माझा काही काळचा नेमच होता. अखेर पेंटॅक्स कंपनीचा ‘के हजार’ जमला. १९७६ पासून १९९७ पर्यंत जवळजवळ बदल न होता निघत राहिलेले हे धातूचे ठणठणीत यंत्र. त्यातील बॅटरी संपली तर प्रकाशमापक तेवढा बंद पडतो, शटर आपले काम चालूच ठेवते. दुकानदाराने सांगितले की हा एका वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराचा. त्याच्या कोपऱ्यांवरचा काळा रंग उडून आतले पितळ दिसत होते, आणि माझ्या मित्रांनी त्यास नावे ठेवली. पण भिंग आरशासारखे स्वच्छ होते, आणि त्याने मला पुढे पुष्कळ वर्षे साथ दिली.

वापरलेल्या कॅमेऱ्याकडे हिणकस म्हणून पाहणाऱ्यांना मी सावेदादांची आठवण देत असे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, हे मुंबईचे छायाचित्रकार. त्यांनी विलायतेहून चलच्चित्रांचा कॅमेरा मागवून १८९९ मध्ये हँगिंग गार्डन येथील कुस्तीचे चित्रण केले, आणि भारतीय माणसाने केलेल्या आद्य चित्रणांत त्याची गणना होते. पुढे तो कॅमेरा त्यांनी विकला, आणि ज्या करंदीकर-पाटणकर मंडळींनी तो घेतला त्यांतील श्रीनाथ पाटणकर मूकपटांच्या काळात निर्माते म्हणून नावारूपास आले. आपल्याकडच्या चित्रपटाच्या उगमापाशीच एक जुन्या कॅमेऱ्याचा सौदा आहे. मग माझ्यासारख्या पेन्शनराने संकोच का बाळगावा?

ताडोबाच्या बेतात कॅमेऱ्याचा प्रश्न निघाला तो अशाने, की तेथे मोबाइल आत नेण्यास मनाई आहे, आणि मुलांच्या दृष्टीने छायाचित्रण म्हणजे मोबाइलच. भाचा या विषयातला जाणकार. तो म्हणाला, “मामा, मेगापिक्सेलच्या नादाला लागू नका. पैसे लेन्सवर घाला, बॉडी जुनी चालेल.” त्याचा युक्तिवाद मला पटला. वाघ दर्शन देतो ते बहुधा फटफटताना किंवा सूर्य कलल्यावर, म्हणजे उजेड क्षीण असताना. तो कधी जिप्सीच्या पुढ्यातून चालत जातो, कधी तलावापलीकडच्या गवतात कान तेवढे दाखवितो. तेव्हा लांबवर पोहोचणारे, आणि तरीही जवळच्या दृश्यासाठी मागे घेता येणारे भिंग हवे. त्याने निकॉनची दोनशे ते पाचशे मिलिमीटरची लेन्स सुचविली आणि तिच्या जोडीस २०१५ साली निघालेली ‘डी बहात्तरशे’ ही बॉडी. तिचा सेन्सर आकाराने लहान असल्यामुळे पाचशेचे भिंग साडेसातशेइतके दृश्य जवळ आणते. एकट्या लेन्सचे वजनच सव्वादोन किलोंच्या वर आहे, हे मात्र त्याने मला व्यवहार ठरल्यानंतर सांगितले. आरसा नसलेले नवे कॅमेरे आल्यापासून हौशी आणि धंदेवाईक दोन्ही वर्गांतील लोक आपली जुनी यंत्रे काढून टाकीत आहेत, त्यामुळे बाजार घेणाऱ्याच्या बाजूस झुकला आहे, अशीही त्याने पुस्ती जोडली.

विरारच्या एका उंच इमारतीत राहणाऱ्या गृहस्थांकडे बॉडी आणि लेन्स दोन्ही एकत्र मिळत होते. गृहस्थ मोठे सालस. त्यांनी खोकी, पावत्या, हमीपत्र, प्लॅस्टिकच्या पिशव्यादेखील जपून ठेवल्या होत्या. निकॉनच्या कॅमेऱ्यात प्रत्येक चित्राच्या फायलीत तोवर शटर किती वेळा उघडले त्याची नोंद असते, ती भाच्याने काढली तो आकडा काही हजारांपलीकडे गेला नव्हता. आणि या शटरची कसोटी दीड लाख वेळांपर्यंत घेतलेली असते हे ध्यानात घेता, तो कॅमेरा बालवयातच होता म्हणावयाचा. पक्षी टिपावेत या उमेदीने त्यांनी तो घेतला, नोकरीच्या रगाड्यात उमेद मावळली, आणि कॅमेरा कपाटात गेला. त्यांनी पिशवीची चेन ओढताच जो वास आला तो मी ओळखला. आप्पांच्या कपाटाचा तो वास. भाच्याने लेन्सचा पडदा पूर्ण उघडून मागून विजेरीचा झोत टाकला, आणि आतल्या काचेवर ते परिचित तंतू चमकले. गृहस्थांना फार वाईट वाटले. “मी तर याला हातसुद्धा लावला नाही हो,” असे ते वारंवार म्हणत होते, आणि त्यांच्या पत्नीने केलेला चहा घेताना त्याचे उत्तर काय द्यावे हे मला सुचेना.

पुढे ज्याच्याकडून बॉडी घेतली त्या नालासोपाऱ्याच्या छायाचित्रकाराची गोष्ट निराळी. तो लग्नसराईत रात्र-रात्र उभा राहणारा तरुण. त्याच्या बॉडीवरचे रबर सैल झालेले, पट्टा घामाने कडक झालेला, आणि शटरचा आकडा लाखाच्या पुढे. शेतजमीन घेणारा शहाणा माणूस जसा आधी सात-बारा आणि फेरफार पाहतो, बोजा कोणाचा, वहिवाट कोणाची याची चौकशी करतो, तशीच मी त्या यंत्राची केली. भिंगाचे तोंड सर्वांत बारीक करून आभाळाचे चित्र घेतले, म्हणजे सेन्सरवर धूळ असल्यास तिचे ठिपके दिसावेत. स्क्रूंच्या खाचांवर पेचकसाच्या खुणा आहेत का, म्हणजे कोणी आडमार्गी कारागिराने ते उघडले होते का, हे पाहिले. मूळ बिलावरचा अनुक्रमांक आणि बॉडीच्या तळावरचा अनुक्रमांक ताडून घेतला, कारण चोरीचा माल गळ्यात पडला तर पोलीस ठाण्याची पायरी चढणे आले. मग कागदावर दोन्ही पक्षांची नावे, अनुक्रमांक, रक्कम आणि तारीख लिहून सही मागितली, तेव्हा तो हसू लागला. “काका, जमिनीचं खरेदीखत करताय का?” मी म्हणालो, “जमिनीच्या खरेदीखतात लोक याच्या निम्मीही काळजी घेत नाहीत बाबा, म्हणून तर आमच्या कचेरीला काम होतं.” त्याने सही केली, आणि कार्डात राहिलेली शेवटची छायाचित्रे दाखविली: भर जुलैत, मांडवाबाहेर पाऊस कोसळत असताना, हळदीने माखलेला नवरा मुलगा.

लेन्स मिळाली भुईगावच्या किनाऱ्यावर. तेथे हिवाळ्यात कुरव आणि चिखल्या यांचे थवे उतरतात आणि त्यांच्यामागे मुंबईहून कॅमेरेवाले येतात. त्यांच्यापैकी एकाने नवी यंत्रणा घेतल्यामुळे ही काढली. तिच्या पायाचा रंग घासून गेलेला, पण वाळूत, वाऱ्यात, उन्हात सतत हिंडलेली, आणि आतून निष्कलंक. मग ताडोबाला निघेपर्यंत मी त्याच किनाऱ्यावर हात बसविला, कारण सव्वादोन किलोंचे ओझे स्थिर धरून उडत्या पक्ष्यावर केंद्रबिंदू राखणे ही विद्या वाघासमोर शिकता येत नाही. वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या गिर्जाघरांच्या भिंतींपाशीही, पोपटांच्या ढोल्या पाहत, मी सकाळी घालविल्या. शेजारी विचारीत, चंद्रपूरपर्यंत जायचे कशाला? २०२४ च्या उन्हाळ्यात याच किल्ल्यात बिबळ्या येऊन राहिला नव्हता का? होता खरा, वन खात्याच्या पिंजऱ्यात सापडेपर्यंत त्याने अर्ध्या वसईची झोप उडविली होती, आणि त्या दिवसांत किल्ल्यात कॅमेरा घेऊन जाण्याची इच्छा कोणाही सुज्ञास झाली नाही.

जिप्सीत तिपाई मांडता येत नाही, म्हणून कठड्यावर लेन्स टेकविण्यासाठी उशी लागते. ती शिंप्याकडून जाड कापडाची शिवून घेतली आणि सौभाग्यवतींच्या संमतीने तिच्यात घरचे वाल भरले. परतल्यावर त्या वालांचे बिरडे करण्याची माझी सूचना मात्र नामंजूर झाली.

ताडोबाचे वर्णन मी करीत बसणार नाही. महाराष्ट्राच्या या पहिल्या राष्ट्रीय उद्यानाविषयी, ते १९५५ मध्ये जाहीर झाल्यापासून, अधिकारी लेखण्यांनी पुष्कळ लिहिले आहे. मोहर्ली दरवाजावर मोबाइल जमा केले, आणि आत तांबड्या धुळीत, चितळाच्या इशाऱ्याचा कानोसा घेत हिंडलो. वाघीण दिसली ती पाणवठ्यापलीकडे, चांगल्या अंतरावर. आमच्यातील एकाने गाडी पुढे घेण्याचा आग्रह धरला. मी लेन्स पाचशेवर नेली आणि म्हटले, गरज नाही. लांब भिंगाचा हा उपयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जिप्सींनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्ही अंगांनी अडविली, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठास त्याची दखल घ्यावी लागली. जवळ जाण्याचा हव्यास ज्यांना आवरत नाही त्यांनी दूरचे पाहणारे भिंग घ्यावे, नाहीतर घरी बसावे, असे माझे स्पष्ट मत आहे. चित्रे बरी आली. वाघिणीच्या मिशांवरचे पाण्याचे थेंब मोजता येतात, पार्श्वभूमी किंचित दाणेदार आहे, आणि भाचा म्हणतो की नव्या कॅमेऱ्यात ती दाणेदार आली नसती. असेल.

पावसाळ्यात मी यंत्र हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो, आणि पाऊस उघडला की त्याला ओसरीवर आणून दोन-चार चित्रे घेतोच, मग ती केळीच्या पानांची का असेनात. समुद्रकाठच्या आमच्या तालुक्यात कोणी वापरलेला कॅमेरा घेणार असेल तर त्याने खोकी, पावत्या आणि शटरचा आकडा हे सर्व अवश्य पाहावे. पण त्याआधी विकणाऱ्यास, गेल्या जुलैत काढलेले एखादे छायाचित्र दाखवा, अशी विनंती करावी, आणि ते दाखविता आले नाही तर चहा घेऊन, आभार मानून, सरळ स्टेशनची वाट धरावी.